सिनेमा सोडून यूएक्सकडे वळू का?

पत्राचा सारांश: वय २४. चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातलं गाव, घरी शेती. बी.ए. झालेली ही मुलगी भावाच्या लग्न-शूटिंगच्या धंद्यात एडिटिंग सांभाळते. लगीनसराई नसते तेव्हा काकांच्या ऑनलाइन सेवा केंद्रावर बसून गावकऱ्यांचे फॉर्म भरून देते. मोबाइलवर तिने स्वतःची एक छोटी फिल्म केली आहे आणि डोक्यात सिनेमाच आहे. पुण्यात नोकरी करणारी मामेबहीण म्हणते, "सिनेमाच्या नादी लागू नको, यूएक्स डिझाइनचा कोर्स कर. दोन्ही सारखंच आहे, आणि इथे पगार मिळतो." यूएक्स म्हणजे 'यूजर एक्सपिरिअन्स', वस्तू किंवा ॲप वापरणाऱ्याचा अनुभव. कोर्सची फी ८५ हजार, हप्त्याने भरायची. बाबा तयार आहेत, पण "एकदाच काय ते ठरव, मग रडत येऊ नको" असं त्यांनी बजावलं आहे. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. यूएक्स आणि सिनेमा खरंच सारखे आहेत का? तिकडे गेले तर सिनेमाशी बेइमानी होईल का? आणि खेड्यातल्या, इंग्रजी कच्चं असलेल्या मुलीला तिथे कोण विचारतं? (ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.)

अगं, तुझं पत्र चांगलं लांबलचक आहे आणि बहुतेक पानं सिनेमावर आहेत. सेवा केंद्राबद्दल जेमतेम पाच-सहा ओळी, त्याही वैतागून लिहिलेल्या. मी मात्र त्या ओळींतच अडकले. तू लिहितेस: "म्हाताऱ्या बाया सगळी माहिती नीट सांगतात, पण ओटीपी आला की मोबाइल माझ्या हातात देऊन मोकळ्या होतात. स्क्रीनवर ते गोल फिरायला लागलं की विचारतात, हे काहून फिरून राह्यलं वं माय? पैसे गेले का?"

डोकं उठतं म्हणून लिहिलंस हे. पण तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं याच ओळींत आहेत, म्हणून आपण त्या बाईला समोर ठेवूनच बोलू.

आधी यूएक्सचा एक गैरसमज काढून टाकते, कारण कोर्सवाल्यांच्या जाहिरातींनी तो पक्का केला आहे. रंग, बटणं आणि गोलसर कोपरे म्हणजे यूएक्स नव्हे. डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन १९९३ साली ॲपल कंपनीत गेले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हुद्द्यात 'यूजर एक्सपिरिअन्स' हे शब्द घालून घेतले. वस्तू दुकानात पहिल्यांदा दिसते तिथपासून खोकं उघडणं, ती चालू करणं, बिघडली की कोणाला विचारायचं इथपर्यंतचा माणसाचा सगळा अनुभव त्यांना त्यात धरायचा होता. त्या हिशेबाने फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा त्रिकोणही यूएक्सच आहे. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी विषारी. कमी विषारी, बिनविषारी नव्हे. आता हिरवा रंग पाहून शेतात राबणाऱ्या माणसाच्या मनात काय येत असेल, याचा विचार कर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे कारणं बरीच होती, सगळं खापर एका लेबलावर फोडता येणार नाही. तरी डब्यावरचं ते बारीक अक्षर कोणासाठी छापलेलं असतं, हा प्रश्न डिझाइनचाच आहे, आणि त्यात संगणक कुठेच नाही.

आता सारखेपणाचं बघू. मामेबहीण म्हणते त्यात तथ्य आहे, फक्त तिने ते फार घाईत सांगितलं. दुसऱ्या माणसाचं लक्ष कधी, कुठे आणि किती वेळ राहील याची आखणी दोन्ही कामांत करावी लागते. तू हे रोज करतेस, त्याला नाव दिलेलं नाहीस एवढंच.

अंतरपाटाचं उदाहरण घे. नवरदेव फ्रेममध्ये डावीकडे उभा राहून उजवीकडे बघतोय, नवरी उजवीकडून डावीकडे. मंगलाष्टकं चालू असताना तुझा भाऊ चांगला अँगल मिळाला म्हणून पलीकडच्या बाजूला गेला, की तुझी पंचाईत होते. तो शॉट जोडलास तर आतापर्यंत उजवीकडे बघणारा नवरदेव एकदम डावीकडे बघायला लागतो आणि दोघांनी जागा बदलल्यासारखं वाटतं. सिनेमावाले याला १८० अंशांचा नियम म्हणतात: दोन माणसांमध्ये एक रेघ मनात धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. बघणाऱ्याला हा नियम ठाऊक नसतो, पण तो मोडला की कुठेतरी खटकतं.

आता फॉर्मकडे ये. चार पानं 'पुढे' हे बटण खाली उजव्या हाताला आहे. पाचव्या पानावर त्याच जागी 'रद्द करा' आलं. अंगठा सवयीने तिथेच जाणार. सगळी माहिती पुसली गेली की म्हातारी स्वतःलाच दोष देते, "मलेच नाही समजत बाप्पा." समजण्याचा प्रश्नच नव्हता, फॉर्म करणाऱ्याने रेघ ओलांडली होती.

आणि ते गोल फिरणारं चक्र. १९२० च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाचा एक प्रयोग गाजला. एका नटाचा कोरा चेहरा घ्यायचा. तोच तुकडा एकदा सूपच्या वाडग्याला जोडायचा, एकदा शवपेटीला, एकदा एका बाईच्या दृश्याला. बघणाऱ्यांना तोच चेहरा एकदा भुकेला वाटला, एकदा शोकात बुडालेला, एकदा आसक्त. तू तर यात मुरलेली असणार. पंगतीत भाजी संपत आली का म्हणून काळजीने बघणारा नवरीचा बाप, बिदाईच्या शॉटनंतर लावला की अख्खं गाव डोळे पुसतं.

तुझ्या केंद्रावरही नेमकं हेच घडतंय. नाव-गाव भरल्यावर ते चक्र फिरलं तर कोणी विचारत नाही. 'पैसे भरा' दाबल्यावर तेच चक्र, त्याच आकाराचं, त्याच गतीने फिरलं की "पैसे गेले का?" अर्थ चक्रात नव्हताच, तो आधीच्या शॉटमधून आला. म्हणून चक्राचा रंग बदलून काही होणार नाही. तिथे शब्द हवेत: 'तुमचे पैसे अजून कापलेले नाहीत, थोडं थांबा', किंवा 'पैसे पोचले, पावती तयार होत आहे'. वापरायला सोपं काय याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३ साली वेळेच्या तीन मर्यादा सांगितल्या, त्या आजही शिकवतात. ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ते लगेच आल्यासारखं वाटतं. एका सेकंदापर्यंत विचाराची तार तुटत नाही. दहा सेकंदांच्या पुढे लक्ष उडतं, तेव्हा किती झालं आणि किती राहिलं हे माणसाला सांगावं लागतं. तुमच्याकडे पावसाळ्यात नेटवर्क गेलं की दहा सेकंद कुठे पुरतात! अशा वेळी प्रेक्षकाला अंधारात किती वेळ ठेवायचं, हे एडिटरच्या हाताला जितकं कळतं तितकं कोऱ्या पाटीने कोर्सला आलेल्या मुलाला कळत नाही. ही तुझी कमाई आहे, आणि ती लग्नांच्या व्हिडिओंतून आली आहे म्हणून हलकी ठरत नाही.

कामाची पद्धतही जुळते. शूटिंगआधी चित्रांच्या चौकटी काढून भिंतीवर लावायची रीत १९३० च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत रुजली. यूएक्सवाले आज तोच स्टोरीबोर्ड वापरतात: बाई बांधावर उभी आहे, मोबाइल वाजतो, ती चष्मा शोधते. दादासाहेब फाळक्यांची गोष्ट तर तुला आवडेलच. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी थेट मोठ्या चित्रपटाला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा लावला, तो उगवताना रोज थोडं थोडं चित्रण केलं, आणि रोप भराभर वाढताना दिसेल अशी इटुकली फिल्म करून भांडवल देणाऱ्यांना दाखवली. पैसे उभे राहिले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. आजच्या डिझायनरच्या बोलीत तो वाटाणा म्हणजे प्रोटोटाइप. सगळा खर्च करण्याआधी, जे सर्वांत अविश्वसनीय वाटतंय तेवढंच छोट्या प्रमाणात करून दाखवायचं.

इथपर्यंत मामेबहिणीशी माझं जमतं. पुढे नाही.

सिनेमात घड्याळ तुझ्या हातात असतं. तुमच्याकडे दिवाळीनंतर धान निघालं की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. रात्री पडदा वर गेला की खेळ पहाटेपर्यंत. प्रेक्षक ब्लँकेट गुंडाळून बसतो, पेंगतो, चहाला उठून परत येतो, आवडलं तर वन्स मोअर मागतो. पण पुढचा प्रवेश कधी सुरू व्हायचा हे तो ठरवत नाही. थिएटरमध्ये तर तेवढीही मोकळीक नाही. आता काय बघायचं, किती वेळ बघायचं, कोणती गोष्ट शेवटपर्यंत लपवून ठेवायची, हे सगळं तू ठरवतेस आणि समोरचा तिकीट काढून त्याला राजी झालेला असतो.

यूएक्समध्ये घड्याळ त्या म्हातारीच्या हातात असतं. ती अर्ध्यातून उठते, कारण बस आली. तिसऱ्या दिवशी परत येते तेव्हा तिला आधीचं काही आठवत नाही, आणि फॉर्मलाही आठवत नसेल तर सगळं पहिल्यापासून. ती मधलं पान आधी बघते. तिचा नातू तीच स्क्रीन दहा सेकंदांत उरकतो, आणि तू तीच स्क्रीन दिवसातून पन्नास वेळा भरतेस. एकच गोष्ट तिघांना तीन गतींनी वापरता यायला हवी. चित्रपट असा कोणी बनवत नाही, आणि बनवूही नये.

लपवण्याचंही तसंच. पुढे काय होणार हे न सांगणं ही सिनेमाची ताकद आहे. पैशाच्या फॉर्ममध्ये पुढे काय होणार हे न सांगणं म्हणजे छळ. वॉल्टर मर्च नावाचे मोठे संकलक आहेत. चांगला कट कोणता, याचे सहा निकष त्यांनी टक्केवारीसह मांडले. त्यात भावनेला ५१ टक्के दिले, गोष्टीला २३, आणि माणूस खोलीत नेमका कुठे उभा आहे या सलगतेला फक्त ४. भावना साधत असेल तर बाकीचं गेलं तरी चालेल, असं त्यांचं म्हणणं. मला विचारशील तर फॉर्मसाठी ही यादी उलटी टांगावी. 'मी कुठे आहे आणि इथून परत कशी जाऊ' याला सर्वांत जास्त टक्के, आणि 'व्वा, किती सुंदर' याला उरलेले. सिनेमावरून इकडे आलेल्या मुलांचं घोडं इथेच पेंड खातं. त्यांना प्रत्येक स्क्रीनमध्ये काहीतरी घडवून आणायचं असतं. बाईला मात्र पेन्शनचा फॉर्म भरून घरी जायचं असतं.

आणखी एक. तुझी फिल्म संपली की तुझ्या नावाची पाटी येते. यूएक्समध्ये ती येत नाही. काम फार चांगलं झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ती बाई ओटीपी टाकते, पावती घेते आणि निघून जाते. मोबाइल तिने तुझ्या हातात दिला नाही, एवढंच तुझं श्रेय. तुला हे चालेल का? खोटं नको बोलू. न चालणं हा काही गुन्हा नाही. नावाची ओढ असणारी माणसं उत्तम चित्रपट करतात.

बेइमानीचं मात्र मला पटलं नाही. सिनेमा काही माहेर-सासर नव्हे की एका घरचा उंबरा ओलांडला की दुसऱ्या घरी पाहुणी. तुला बांधलं आहे ते बाबांच्या त्या एका वाक्याने, "एकदाच ठरव". त्यांची भीती समजण्यासारखी आहे, ८५ हजार हा धान पिकवणाऱ्या घरात लहान आकडा नाही. पण त्यांनाच विचार, धानाचं वाण त्यांनी आयुष्यात एकदाच ठरवलं होतं का? नवं वाण आलं की शहाणा शेतकरी आधी एका बांधीत लावून बघतो, सगळं शेत त्याच्या हवाली करत नाही. तूही आधी एका बांधीपुरतं करून बघ. त्याला ८५ हजार लागत नाहीत.

काय करायचं ते सांगते. माझ्याकडे अशी पत्रं बरीच येतात: फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करणारे, यूट्यूब चॅनल चालवणारे, नाटक कंपनीची पोस्टरं बनवणारे. त्यांनीही हेच आपापल्या जागी करून बघावं.

केंद्रावर लोक सर्वांत जास्त अडतात असा एक फॉर्म निवड. एकच. त्याच्या पानांची चित्रं वहीच्या कागदांवर पेन्सिलने काढ, एका स्क्रीनला एक कागद. बटणं, रकाने, सूचना सगळं हाताने. मग पाच जणांना एकेक करून बसव: एखादी म्हातारी, एखादा मजूर, अंगणवाडीची ताई, कॉलेजातलं पोट्टं, आणि ज्याला मोबाइलचा मनापासून तिटकारा आहे असा कोणीतरी. त्यांना म्हण, "हाच मोबाइल समजा, जिथे दाबायचं तिथे बोट ठेवा." बोट ठेवलं की पुढचा कागद समोर सरकवायचा. पाचच का? सुरुवातीच्या चाचणीला पाच माणसं पुरतात असं निल्सन यांनी २००० साली मांडलं. त्यावर पुढे वादही झाले, पण पहिल्या फेरीत पाच जण तुला इतकं दाखवतील की सहाव्याची गरज पडणार नाही.

अट एकच, तू बोलायचं नाहीस. हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे. केंद्रावर आजी अडली की तू पटकन मोबाइल हातात घेतेस, आणि ते बरोबरच आहे, रांग लागलेली असते. इथे मात्र ती अडली की तू गप्प बसून बघायचंस. तिचं बोट कुठे घुटमळतं? कोणता शब्द ती मोठ्याने वाचते? कुठे तुझ्या तोंडाकडे बघते? "आता काय दाबू वं?" असं विचारलं तर उलट विचार, "तुम्हाला काय वाटतं?" तुझी फिल्म गावात दाखवलीस तेव्हा तू पडद्याकडे बघत होतीस की लोकांच्या तोंडाकडे, हे पत्रात लिहिलेलं नाहीस. ते आठवून बघ. लोकांकडे बघण्यात तुझा जीव रमत असेल, तर हे काम तुला मानवेल. पडद्याकडे बघण्यात रमत असेल, तर कितीही चांगला पगार असला तरी वर्षभरात तू कंटाळशील.

भावाला शूटिंगला बसव. कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातांवर आणि कागदावर. आधी प्रत्येकाला विचार, कशासाठी करतोय ते नीट सांग, कोणी नको म्हटलं तर नको. खरा आधार क्रमांक, खरा ओटीपी, खरं बँक खातं यातलं काही वापरू नकोस, सगळी माहिती खोटी भरायची. मग तुझं नेहमीचं काम: पाच जणांच्या फुटेजमधून जिथे जिथे ते अडले तेवढेच क्षण काढून दोन मिनिटांचा तुकडा कर. तुला गंमत वाटेल, पण मोठ्या कंपन्यांतले यूएक्स रिसर्चर हेच करतात. अहवाल कोणी वाचत नाही. पाच वेगवेगळी बोटं एकाच जागी अडलेली ओळीने दाखवली की मीटिंगमधले सगळे गप्प होतात. हा तुकडा, आधीचे कागद आणि त्या अडचणींवर तू सुचवलेले बदल, मिळून तुझी पहिली केस स्टडी झाली. अशा दोन-तीन झाल्या की पोर्टफोलिओ, म्हणजे तुझ्या कामाच्या नमुन्यांचा संच, उभा राहतो. नोकरी देणारे सर्टिफिकेटच्या आधी तोच उघडतात.

कागदावर जमलं की मग संगणकावर. स्क्रीनची चित्रं काढायच्या फिग्मा या सॉफ्टवेअरचा मोफत प्लॅन सुरुवातीला पुरतो, त्याच कामाचं पेनपॉट तर ओपन सोर्सच आहे. एडिटिंगचा संगणक तुझ्याकडे आहेच, त्यावर दोन्ही निवांत चालतील.

आता इंग्रजी आणि खेडं. इंग्रजी लागेल, हे लपवत नाही. टीममधलं बोलणं, वाचायचं साहित्य, मुलाखत, बरंचसं इंग्रजीत असतं. पण कामापुरतं इंग्रजी रोज थोडं वाचून येतं. माणूस कुठे अडतो हे बघायची नजर क्लासला जाऊन येत नाही. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात 'स्वरचक्र' नावाचा मराठी कीबोर्ड तयार झाला, कधी वापरून बघ. अक्षरं आपल्या वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली, आणि 'क' दाबून धरला की भोवती का, कि, की, कु चाकासारखे उघडतात. बाराखडी ज्याच्या तोंडात आहे त्यालाच हे सुचू शकतं.

आणि खेड्याचं म्हणशील तर ई-पीक पाहणी बघ. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर लागू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात जायचं, ॲपमध्ये गट नंबर निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, पिकाचा फोटो काढून पाठवायचा, मग सातबाऱ्यावर नोंद. फोटो काढण्याच्या त्या मिनिटापुरता शेतकरी कॅमेरामन असतो: स्क्रीनवर ऊन पडलेलं, पाय चिखलात, हाताला माती, चष्मा घरी राहिलेला, आणि कोपऱ्यात नेटवर्कची एक काडी. वातानुकूलित खोलीत बसलेल्या डिझायनरला हे दृश्य कल्पनेने उभं करावं लागतं. तुला ते दारातून दिसतं, वर फ्रेम आणि उजेड म्हणजे काय हेही कळतं. हे दोन्ही एकाच माणसात सहसा सापडत नाही. तुमच्या शेजारच्या गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे आयुष्यभर झाडीपट्टीची नाटकं करत राहिले आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्या-मुंबईचा शिक्का लागल्याशिवाय काम मोठं होत नाही, हे डोक्यातून काढून टाक.

कोर्सबद्दल. तो चांगला की वाईट, हे मी इथे बसून सांगणार नाही. पण हप्ता म्हणजे बहुतेक वेळा कर्ज असतं. ते कोणाच्या नावावर चढणार, मध्येच कोर्स सोडला तर हप्ता थांबतो की चालू राहतो, हे सही करण्याआधी लेखी माग. 'नोकरीची हमी' असं म्हणत असतील तर हमी म्हणजे नेमकं काय, आणि नोकरी नाही मिळाली तर किती पैसे परत, हेही लेखी. मागच्या बॅचमधल्या दोघा-तिघांशी तू स्वतः बोल, कोर्सवाल्यांनी जोडून दिलेल्यांशी नको. अगदी सुरुवातीच्या पातळीच्या नोकऱ्या आता पूर्वीसारख्या पटकन मिळत नाहीत, आणि जाहिरातीतला पगार पहिल्या वर्षाचा नसतो. मामेबहिणीलाही विचार, "तू शेवटची कधी कोणाला तुझं काम वापरताना समोर बसून पाहिलंस?" ती काय सांगते त्यावरून तिची नोकरी नेमकी कसली आहे ते तुला कळेल.

पैसे आणि वर्षं घालायचीच असतील, तर दोन सरकारी दारंही बघून ठेव. डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी सीड (CEED) नावाची परीक्षा असते, ती आयआयटी मुंबई घेते. तीन वर्षांची कोणतीही पदवी चालते, त्यामुळे तुझं बी.ए. अडवणार नाही, आणि वयाची अटही नाही. दुसरं दार सिनेमा शिकवणाऱ्या पुण्याच्या एफटीआयआयचं. १९६० सालची संस्था, तिथे संकलन स्वतंत्र विषय म्हणून शिकवतात. दोन्हीकडे स्पर्धा कडक आहे. पण आज तू फक्त "सिनेमा" म्हणतेस. पत्रात मला दिग्दर्शक दिसली नाही, एडिटर दिसली, आणि एडिटरलाही तिथे जागा आहे. हे तुझं तू तपासून बघ.

लग्नाची कामं इतक्यात सोडू नकोस, हातात येणारा पैसा तोच आहे. सीडचे अर्ज साधारण ऑक्टोबरमध्ये निघतात आणि परीक्षा जानेवारीत असते. ऑक्टोबरच्या आत कागदावरची एक फेरी उरकली, तर अर्ज भरायचा की नाही हे तुझं तुलाच कळेल. कोर्सवाले "आजच सीट बुक करा" म्हणून फोन करतील, त्यांना करू दे, सीट कुठे जात नाही. आणि बाबांशी पक्कं बोलणं धान घरी आल्यावर कर. तेव्हा तुझ्याकडे दाखवायला ते कागद आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ असेल, त्यांच्या हातात चार पैसे असतील, आणि काहून-कशाला हे ऐकून घ्यायला वेळही असेल.